तार की छत्री?

परवा संध्याकाळी आमच्या शेजारचे तात्या ओट्यावर येऊन बसले. बोलण्याच्या ओघात त्यांनी मनातले कोडे सांगितले. त्यांच्या थोरल्या मुलाने मळ्यात नवे घर बांधले आहे. गावातल्या जुन्या घरात केबलची तार आहे. मळा गावापासून दोन किलोमीटर. केबलवाला म्हणतो, एका घरासाठी एवढी तार ओढायला परवडत नाही. ओढायचीच तर तारेचे आणि खांबांचे पैसे तुम्ही द्या. मुलगा म्हणतो, तार नको, आपण छपरावर छत्री बसवू. सूनबाई म्हणतात, पावसात छत्रीचं चित्र जातं, तारेचं जात नाही. तात्या मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही सांगा. तार घ्यावी का छत्री?"

मी म्हणालो, "छत्री घ्या." तात्यांचे समाधान झाले आणि ते गेले. माझे मात्र झाले नाही. कारण श्रोतेहो, हा प्रश्न काही एकट्या तात्यांचा नाही. घरात चित्र आणायचे ते तारेने की आकाशातून, हा वाद पाऊणशे वर्षांचा आहे. आपल्या देशाने त्याची वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी उत्तरे दिली. मळ्यातल्या घराला त्यांत कधी पहिला मान मिळाला, तर कधी अगदी शेवटचा. ती हकीकत आज सांगायची आहे.

मुळात अडचण कुठे येते ते आधी पाहू. रेडिओच्या मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर जातात. लघुलहरी तर आकाशातल्या वरच्या थरावर आपटून पुन्हा खाली येतात, म्हणून आपल्याला परदेशची केंद्रे ऐकू येत. चित्रवाणीच्या लहरींचे तसे नाही. त्या बाणासारख्या सरळ जातात. मधे डोंगर आला की अडतात, आणि पृथ्वीच गोल असल्यामुळे फार लांब गेल्या की डोक्यावरून निघून जातात. म्हणून तर चित्रवाणीला उंच मनोरे लागले. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीचा मनोरा समुद्राकाठी उभा राहिला, पण त्याचे चित्र सह्याद्री ओलांडून घाटावर येईना. पुण्याकडच्या लोकांसाठी पुढल्या वर्षी सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र बसवावे लागले. तानाजीच्या गडाला हे नवे काम मिळाले!

ज्या गावाला गड नाही त्याने काय करावे? अमेरिकेत हा प्रश्न आधी आला. पेनसिल्व्हेनिया नावाच्या प्रांतात महानॉय सिटी हे डोंगराच्या कुशीतले गाव आहे. तिथे जॉन वॉल्सन नावाचा एक दुकानदार चित्रवाणीचे संच विकायला बसला होता. पण गावात चित्रच दिसत नाही तर संच घेणार कोण? १९४८ साली त्याने डोंगरमाथ्यावर एक अँटेना उभारली आणि तिथून तार आपल्या दुकानापर्यंत ओढत आणली, असे सांगतात. वाटेत ज्यांची घरे लागली त्यांनीही जोड मागितला. त्याच वर्षी पलीकडच्या किनाऱ्यावर, ओरेगन प्रांतातल्या अस्टोरिया गावात एड पार्सन्स नावाच्या गृहस्थाने असाच उद्योग केला. पहिला कोण, यावर तिकडे अजून वाद आहे. आपल्याला त्या वादाशी कर्तव्य नाही. ध्यानात ठेवायचे ते एवढेच, की केबल ही मुळात डोंगराआडच्या गावाची युक्ती होती. गावात एकच अँटेना, आणि तिच्यापासून घराघरांत तार. विहीर एक आणि पाट अनेक, तसे.

दुसरी वाट आकाशातून गेली. १९४५ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या एका बिनतारी विषयाच्या मासिकात आर्थर क्लार्क या तरुण लेखकाने हिशेब मांडला, की विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर एखादे यान फिरत ठेवले तर ते बरोबर एका दिवसात एक फेरी पुरी करील. पृथ्वीही तेवढ्याच वेळात फिरते. म्हणजे खालून पाहणाऱ्याला ते यान जागच्या जागी टांगलेले दिसेल. आकाशात टांगलेला मनोराच तो. त्याला ना डोंगर आडवा येतो ना खोरे. तेव्हा ही कल्पना लोकांना कादंबरीतली वाटली असेल. वीस वर्षांच्या आत तसे उपग्रह फिरू लागले.

आता आपल्या देशाकडे येऊ. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक चित्रवाणी सुरू झाली, तीही आकाशवाणीच्याच घरात. २६ जानेवारी १९६७ पासून दिल्लीजवळच्या ऐंशी खेड्यांसाठी 'कृषिदर्शन' सुरू झाले. पण ऐंशी खेडी म्हणजे समुद्रातले चार थेंब. डॉ. विक्रम साराभाई यांनी तेव्हा एक वेगळाच विचार मांडला. पाश्चात्त्य देशांत चित्रवाणी आधी शहरांत गेली आणि मग झिरपत झिरपत खेड्यांत आली. आपण हे उलटे का करू नये? शहरे सोडून द्या, एकदम उपग्रहावरून खेड्यात उतरा. १९६९ साली अमेरिकेच्या 'नासा' संस्थेशी करार झाला. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात गेले. काम मात्र थांबले नाही. प्रा. यशपाल आणि अहमदाबादच्या मंडळींनी ते पुढे नेले.

१ ऑगस्ट १९७५ रोजी तो प्रयोग सुरू झाला. त्याचे नाव 'साइट'. अमेरिकेने आपला एटीएस-६ हा उपग्रह आफ्रिकेच्या पूर्व भागावर आणून उभा केला. त्याची अवकाशात उघडलेली छत्री तीस फुटांची होती. खाली राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दहा दहा फुटांच्या छत्र्या बसल्या. त्या कशाच्या होत्या ठाऊक आहे? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीच्या! जाळी हलकी, वाऱ्याला अडवत नाही, आणि मोडली तर दुरुस्त करता येते. संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने बनवले. शाळेत किंवा पंचायतीच्या घरात संच ठेवायचा आणि साऱ्या गावाने पुढे बसायचे. जिथे वीज नव्हती अशा काही गावांत तो बॅटरीवर चालला. त्या छत्र्यांची तोंडे पश्चिमेकडे होती, कारण उपग्रह तिकडे, आफ्रिकेवर होता.

सकाळी दीड तास मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी कार्यक्रम होत. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन हे विषय. हिंदी, कन्नड, तेलुगू आणि ओरिया या भाषा. शिक्षक मित्रांना आणखी एक गोष्ट सांगतो. त्या वर्षात सुटीच्या दिवसांत याच संचांवरून जवळजवळ पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांचे विज्ञानाचे प्रशिक्षण झाले. एवढ्या शिक्षकांना एका ठिकाणी बोलवायचे तर किती वर्षे लागली असती, याचा अंदाज आपल्यातल्या कोणत्याही मुख्याध्यापकाला सहज करता येईल.

महाराष्ट्राचे एकही गाव त्या यादीत नव्हते. आपल्या शेजारी विजापूर आणि गुलबर्गा जिल्ह्यांत छत्र्या उभ्या होत्या. सोलापूर जिल्ह्याच्या सीमेवरून पलीकडे गेले की ज्या खेड्यांत धड सडक नव्हती त्यांतल्या काहींत आकाशातून चित्र उतरत होते. तेव्हा घरच्या घरी तार जोडून चित्र पाहणे आपल्याकडे मुंबईकरांनाही माहीत नव्हते. म्हणजे बघा, या देशात खेड्यातली छत्री आधी आली आणि शहरातली केबल नंतर. हे आज कुणाला सांगितले तर तो हसेल, पण झाले ते असे.

गंमत म्हणून सांगतो. क्लार्कसाहेब तेव्हा श्रीलंकेत कोलंबोला राहत होते. आपल्या तंत्रज्ञांनी त्यांच्या घरीही एक छत्री उभारून दिली. तीस वर्षांपूर्वी कागदावर मांडलेला हिशेब त्यांनी आपल्या छपरावर खरा झालेला पाहिला.

मग काय झाले? ३१ जुलै १९७६ ला वर्षाचा करार संपला. उपग्रह अमेरिकेचा होता. त्यांनी तो परत नेला. छत्र्या उभ्या राहिल्या, पण त्यांना दिसावे असे आकाशात काही उरले नाही. गुलबर्ग्यासारख्या काही ठिकाणी पुढे जमिनीवरचे प्रक्षेपण केंद्र आले आणि आसपासच्या गावांची थोडी सोय झाली. बाकीच्या गावांचे संच मुके झाले. ज्या मुलांनी वर्षभर रोज सकाळी चित्र पाहिले होते, त्यांनी दुसऱ्या दिवशी गुरुजींना काय विचारले असेल, हे मला अनेकदा वाटते. उसन्या बैलाने पेरणी केली की असेच व्हायचे. प्रयोग फसला नव्हता, उलट तो चांगला झाला होता. पण आपला उपग्रह आपल्याजवळ नव्हता.

तो यायला सात वर्षे लागली. इन्सॅट-१ए १९८२ साली गेला आणि काही महिन्यांतच निकामी झाला. इन्सॅट-१बी ऑगस्ट १९८३ मध्ये वर गेला आणि टिकला. पण आता विचार बदलला होता. दिल्लीत १९८२ साली आशियाई खेळ झाले, रंगीत चित्र आले, आणि शहरांतून संचांना मागणी वाढली. सरकारने उपग्रहावरून कार्यक्रम खाली घ्यायचा आणि छोट्या छोट्या प्रक्षेपण केंद्रांवरून आसपास पसरवायचा, ही वाट धरली. १९८४ च्या सुमारास अशी केंद्रे झपाट्याने उभी राहिली. खेड्यातल्या पंचायतीपुढची छत्री मागे पडली आणि ज्याच्या घरी संच त्याच्या घरी चित्र, असे झाले.

ते दिवस आपल्यातल्या पुष्कळांना आठवत असतील. छपरावर माशाच्या काट्यासारखी अँटेना, तिच्यावर बसणारे कावळे, आणि रविवारी सकाळी 'रामायण' सुरू व्हायच्या आधी वर चढलेला घरातला धाकटा मुलगा. तो वरून ओरडणार, "आलं का?" आणि खालून उत्तर, "नाही! मुंग्या आल्या! जरा सिंहगडाकडे फिरव!" ज्याचे गाव डोंगराआड त्याच्या नशिबी मुंग्याच. ती मालिका २५ जानेवारी १९८७ ला सुरू झाली तेव्हा एका घरात साठ-सत्तर माणसे बसत. सामुदायिक संच सरकारने ठेवला नाही, तो शेजाऱ्यांनी चालवला!

तार इकडे आली ती दुसऱ्याच दाराने. १९८० नंतरच्या दशकात मुंबईच्या इमारतींतून कुणीतरी तळमजल्यावर व्हिडिओ यंत्र ठेवी आणि तारेने घराघरांत सिनेमा पुरवी. अमेरिकेतली केबल डोंगरावरून उतरली, आपली केबल जिन्यावरून चढली म्हणा ना! तोवर तिला आकाशाशी काही देणेघेणे नव्हते. १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध झाले आणि मोठ्या हॉटेलांनी उपग्रहावरून परदेशी बातम्या दाखवल्या. त्याच वर्षी 'स्टार' वाहिन्या आल्या आणि २ ऑक्टोबर १९९२ ला 'झी'. त्यांचा उपग्रह एशियासॅट. त्याचे चित्र घ्यायला आठ-दहा फुटांची थाळी लागे. एका घराला ती परवडणार कशी? केबलवाल्याने एक थाळी घेतली आणि जुन्या तारा तिला जोडल्या. तार आणि छत्री या दोन वैऱ्यांची अशी सोयरीक झाली. छत्री केबलवाल्याच्या गच्चीवर आणि तार आपल्या घरात.

केबलवाल्याविषयी बरे आणि वाईट दोन्ही बोलायला हवे. तो गावातला, ओळखीचा पोरगा. तार तुटली की सायकलीवरून येई आणि खांबावर चढे. या महिन्यात पैसे नाहीत म्हटले तर पुढच्या महिन्यात घेई. ऊस गेल्यावर वर्षाचे एकदम घेणारेही होते. पण ज्या गल्लीत एक केबलवाला तिथे दुसरा यायचा नाही. आला तर मारामारी. तो ठरवील तो दर आणि दाखवील ते चित्र. १९९५ साली संसदेने केबलचा कायदा केला. प्रत्येक केबलवाल्याने नोंदणी करावी आणि दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवल्याच पाहिजेत, असे त्यात ठरले. नोंदणी कुठे करायची? मुख्य टपाल कचेरीत! आपले वडील पूर्वी रेडिओचा परवाना जिथे काढत, तिथेच.

तारेचे एक गणित आहे आणि ते निष्ठुर आहे. तारेतून जाताना चित्र क्षीण होत जाते, म्हणून दर काहीशे मीटरवर ते वाढवणारे यंत्र लागते, आणि यंत्राला वीज. एका किलोमीटरच्या तारेवर दोनशे घरे असली तर धंदा चालतो. दोन असली तर बुडतो. म्हणून तार पेठेत आली, बाजारगावात आली, मोठ्या गावाच्या चावडीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. वाड्या, वस्त्या, पाडे, धनगरवाडे आणि मळे तिच्या हिशेबात कधी बसलेच नाहीत. कोकणात तर घरच डोंगराच्या एका सोंडेवर आणि शेजार दुसऱ्या सोंडेवर. दोष केबलवाल्याचा नाही, तारेचा स्वभावच तो.

मग घरापुरती छोटी छत्री का नाही आली? तंत्र तयार होते. अधिक आखूड लहरी आणि अधिक शक्तीचा उपग्रह वापरला तर दोन फुटांची थाळी पुरते. एका परदेशी कंपनीने तशी तयारीही केली होती. पण १९९७ साली सरकारने त्यावर बंदी घातली. आकाशातून थेट घरात काय येईल यावर ताबा कोणाचा, ही भीती होती. ती भीती अगदीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण तारेतून तेच कार्यक्रम रोज घरात येत होते, हेही खरे. शहरातल्या माणसाचे त्यात काही अडले नाही, त्याच्या दारात तार होती. अडले ते मळ्यातल्या माणसाचे. नोव्हेंबर २००० मध्ये नियम घालून परवानगी मिळाली. खासगी सेवा २००३ साली सुरू झाली, आणि १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनने आपली बिनपैशाची सेवा काढली. छत्री आणि डबा एकदा विकत घ्यायचा, मग महिन्याला काही द्यायचे नाही. आज तिला 'फ्री डिश' म्हणतात. साइटच्या जाळीची छत्री गेल्यावर अठ्ठावीस वर्षांनी सरकारी छत्री पुन्हा खेड्यात उतरली. या खेपेला पंचायतीपुढे नाही, तर घराच्या पत्र्यावर.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येईल. जुन्या तारेला किती घरे जोडली आहेत हे कुणालाच मोजता येत नसे. केबलवाला शंभर सांगे आणि तीनशे जोडी, अशी वाहिन्यांची तक्रार होती. म्हणून प्रत्येक घरी डबा बसवण्याचा कायदा झाला. मुंबईत २०१२ च्या ऑक्टोबरअखेर, पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत २०१३ च्या मार्चअखेर, आणि खेड्यापाड्यांसाठी २०१७ च्या मार्चपर्यंतची मुदत ठरली. २०१९ पासून प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर करावी लागली, आणि ती तारेला व छत्रीला सारखीच. पहिल्या शंभर वाहिन्यांच्या वहनाचे १३० रुपये आणि वर कर, असा तेव्हा दर ठरला होता. तारेत स्वस्त की छत्रीत, हा वाद त्यानंतर बराचसा मिटला. दूरदर्शनची जमिनीवरची जुनी प्रक्षेपण केंद्रेही २०२१ च्या अखेरीपर्यंत जवळजवळ सगळी बंद झाली. माशाच्या काट्याची अँटेना आता कावळ्यांच्याच उपयोगाची.

पण २०२० चे वर्ष राहिले. करोनाच्या साथीत शाळा बंद होत्या. शहरातली मुले मोबाइलवर शिकत होती. वाडीवरच्या मुलाकडे मोबाइल नव्हता, असला तर बापाचा, आणि बाप रानात. त्या जुलैत 'सह्याद्री' वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. तार थांबते त्याच्या पलीकडे, ज्यांच्या पत्र्यावर बिनपैशाची छत्री होती, त्या घरांत ती पोहोचली. तिने शाळेची जागा भरून निघाली असे कुणी म्हणणार नाही. चित्रातला गुरुजी मुलाच्या वहीत डोकावत नाही. पण पंचेचाळीस वर्षांपूर्वी विजापूरच्या खेड्यात सकाळी जे होत असे, तेच आमच्या तालुक्यातल्या वस्त्यांवर मी त्या वर्षी पाहिले. फरक एवढाच, की तेव्हा सारी शाळा एका संचापुढे बसे आणि आता प्रत्येक मूल आपल्या घरी एकटे.

हे सगळे मनात घोळवून मी दुसऱ्या दिवशी तात्यांकडे गेलो आणि कालचे उत्तर जरा नीट करून सांगितले. गावातल्या घरी तार आहे ती राहू द्या. तिथे केबलवाला हाकेच्या अंतरावर आहे, आणि पावसात तिचे चित्र बहुधा टिकते. मात्र गल्लीतली वीज गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही तार मुकी होईल, हे लक्षात ठेवा. मळ्यात छत्री लावा. सूनबाईंचे म्हणणे खरे आहे, जोराच्या सरीत चित्र जाईल, कारण त्या आखूड लहरी पावसाच्या थेंबांत अडतात. पण सर ओसरली की ते आपोआप परत येईल, कुणाला बोलवावे लागणार नाही. शेतीचे, बातम्यांचे आणि मुलांचे कार्यक्रम एवढेच हवे असतील तर बिनपैशाची घ्या. सूनबाईंना एखादी ठरावीक मालिका हवी असेल तर ती वाहिनी फुकटात आहे का हे आधी विचारा, नसेल तर पैशाची घ्या.

तात्यांनी बिनपैशाची घेतली. बसवताना मी हजर होतो. फ्री डिशचा उपग्रह आपल्याकडून आग्नेयेला दिसतो, क्षितिजापासून साधारण साठ अंश वर. नेमके त्याच बाजूला घरालगत तात्यांच्या वडिलांनी लावलेले लिंबाचे झाड होते. मुलगा कोयता घेऊन निघाला. तात्यांनी त्याला थांबवले आणि छत्री उचलून गोठ्याच्या पत्र्यावर नेली. तिथून आकाश मोकळे होते. तार बारा मीटर जास्त लागली.